ओळखीची चव

हॉटेलात शिरल्यावर लोक पंख्याखालची जागा बघतात. मी मोबाइलवर जवळचा दवाखाना बघते. तो किती लांब आहे, वाटेत सिग्नल लागतात का, दारात रिक्षा मिळेल का, एवढं कळलं की मग मी खुर्ची ओढते. नवऱ्याला याची भारी लाज वाटते. तो हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या व्यापाऱ्याकडे कामाला आहे, दिवसभर गोड बोलायची सवय. मला ती नाही.

आमच्या लेकीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडतं, असं नव्हे. ती दोन वर्षांची असताना जवळा बाजारला माझ्या माहेरी तिनं आजीच्या ताटातली बोटभर चटणी चाटली आणि बघता बघता तिचे डोळे सुजून मिटले. हिंगोलीपर्यंत जीपमध्ये ती माझ्या मांडीवर घरघरत होती. ती घरघर मी अजून झोपेत ऐकते. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं आणि पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, दाण्याचा कणसुद्धा पोटात जाऊ देऊ नका.

आता आमच्याकडे हे कुणाला पटवायचं? वांग्यात कूट, मेथीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, उपासाला तर सगळा कुटाचाच कारभार. माझी आई पहिल्यांदा म्हणाली, "मंग लेकरानं खायचं काय बाई?" मी घरातून दाणे हद्दपार केले. शाळेतल्या बाईंशी भांडले, वाढदिवसाचा चिवडा वाटणाऱ्या शेजारणीशी भांडले, प्रसाद पुढे करणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात अडवले. कॉलनीत मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. घरघर त्यांनी ऐकलेली नाही.

हिंगोलीत आम्ही बाहेर जेवतच नाही. पण वर्षातून एकदा तपासणीला पुण्याला जावं लागतं, आणि तपासणी झाली की हॉटेलात एक जेवण, हा लेकीचा हक्क. तो तिला तिच्या बापानं देऊन ठेवला आहे. ती वर्षभर त्या जेवणाच्या गोष्टी करते आणि मी वर्षभर त्या जेवणाला भिते.

पहिल्या वर्षी आम्ही एका थंडगार, काचेच्या हॉटेलात गेलो. टेबलावरच्या चौकोनी ठिपक्यांवर मोबाइल धरला की पदार्थांची नावं दिसत होती. वेटर म्हणाला, "मॅडम, पीनट नाहीये कशातच." मी म्हटलं, तेलाची पिशवी आणून दाखवा. तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं ती आणली. शेजारच्या टेबलावरची बाई आमच्याकडे बघत राहिली. लेकीनं साध्या डोशाबरोबर साखर खाल्ली, कारण चटणीच्या वाटीवर मी ताटली पालथी घातली होती. ती साखर खाऊनही खूश होती. मी तिच्या ओठांकडे बघत बसले. माझा डोसा गार झाला.

डॉक्टरांनी मला इंजेक्शन द्यायला शिकवलंय. मांडीला, बाहेरच्या बाजूनं, कपड्यावरून द्यावं लागलं तरी चालेल. सरावासाठी मी मोसंबी घेऊन बसायचे आणि सुई टोचायचे. मोसंबी रडत नाही, त्यामुळे हात थरथरत नसे. ती डबी माझ्या पर्समध्ये कायम असते.

मागच्या वर्षी तपासणी दुपारी आटोपली. दवाखान्याजवळच्या गल्लीतून चाललो होतो तेवढ्यात एका लहानशा खानावळीतून आवाज आला, "या, बसा, गरम भाकर टाकून राहिलो." मी थांबलेच. पुण्यात पाऊल ठेवल्यापासून कान असा निवला नव्हता. मालकच आचारी होता, पन्नाशीचा, कमरेला पंचा गुंडाळलेला.

"कुठल्या म्हनायच्या ताई?"

"हिंगोलीच्या."

"काय सांगता. मी सिद्धेश्वर धरणापल्याडचा."

मग काय, नवऱ्याचा चेहरा फुलला. पाणी किती साठलंय, हळदीला भाव काय, सगळं झालं. मी मात्र माझं पुराण लावलं. शेंगदाणा लेकीच्या जिवावर कसा बेततो, ते नीट सांगितलं. पुण्यातले वेटर ऐकताना दुसरीकडे बघतात. या माणसानं हातातलं पीठ झटकून पूर्ण ऐकलं.

"ध्यानात राहील ताई. लेकराला वरण-भात देतो. माझी नातपन एवढीच हाय."

त्यानं माझ्यादेखत पातेलं पुन्हा घासलं, नवीन पिशवी फोडून फोडणी दिली. मला वाटलं, आज पहिल्यांदा मी पाठ टेकून जेवणार. आणि खरंच टेकली.

वरण-भात निम्मा झाला तेव्हा तो एक वाटी घेऊन आला. "हे पाटीवर लिहिलेलं न्हाई. आमच्या घरच्यासाठी केलं व्हतं. तुमी आपल्याकडचे म्हनून." येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, दाट रश्शातली वांगी. वाटी आमच्यामध्ये ठेवून तो तव्याकडे गेला.

माझा नेम आहे. बाहेरचं काहीही आधी मी चाखते, मग ते लेकीला मिळतं. मी भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. आईच्या हातची भाजी. तीच चव, तोच दाटपणा. सहा वर्षं मी तशी भाजी खाल्ली नव्हती, कारण माझ्या घरात ती होतच नाही. ती का होत नाही, हे त्या घासाला माझ्या डोक्यात आलं नाही. जिभेला काही वेगळं लागलं असतं तर मी थांबले असते. काही वेगळं लागलं नाही. मी दुसरा घास मोडला, फुंकर घातली आणि "अगदी आजीची भाजी बघ" म्हणत माझ्या हातानं लेकीला भरवला.

तिनं आणखी एक घास मागितला आणि मग ओठ खाजवला.

एवढंच केलं तिनं. मी वाटीत बोट घालून रस्सा चोळला. बोटाला रवाळ कूट लागलं. तोवर तिच्या गळ्यावर गांधी उठल्या होत्या. ती खोकली आणि म्हणाली, "आई, गळा कसातरी होतोय." आवाज तिचा नव्हता. नवरा उभा राहून नुसता "अगं, अगं" करत होता. मी डबी उघडली. मोसंबी रडत नाही, पण लेक किंचाळली, आणि माझा हात इतका थरथरला की पहिल्यांदा सुई फ्रॉकच्या घडीतच गेली. दुसऱ्यांदा लागली. मला वाटत होतं, ही आता माझ्या मांडीवर जाणार, आणि घास माझाच आहे.

मालकानं तिला उचललं आणि तो पळत सुटला. रस्ता त्यानं कसा अडवला, आम्ही कसे ओलांडलो, मला आठवत नाही. दवाखान्यात त्यांनी तिला नळी लावली, आणखी औषध दिलं. हळूहळू घरघर कमी झाली. डॉक्टर म्हणाले, आता धोका टळलाय, तरी उद्यापर्यंत इथंच ठेवू.

बाहेर बाकावर तो पंचा गुंडाळलेला माणूस बसला होता, हाताला पीठ तसंच. मला बघून उठला. "ते तुमच्या दोघासाठी व्हतं ताई. लेकराचं मी येगळं केलं व्हतं." त्याला रडू फुटलं. एरवी मी अशा माणसाला सोलून काढलं असतं. पण तो खोटं काहीच बोलत नव्हता. त्याच्या मते ती आमची भाजी होती, आणि आमच्या भाजीत कूट असतंच. हे कुणी कुणाला सांगतं का? मी त्याला म्हटलं, "ती बरी हाय. तुमी घरी जा आता."

संध्याकाळी लेकीनं डोळे उघडले. ओठ अजून सुजलेले होते. घोगऱ्या आवाजात तिनं विचारलं, "आई, आजीची भाजी अशीच लागते?"

मी हो म्हटलं.

"मला वाटायचं, तुमी उगंच एवढी नावाजता." ती माझ्याकडे वळली. "लय मस्त होती, आई."

मग तिनं जीभ बाहेर काढून ओठावरून फिरवली, चव कुठं उरली आहे का बघायला. आजवर मी तेलाच्या पिशव्या, पातेली, लोकांचे हात सगळं तपासत आले. आता ती चव तिच्या जिभेवर बसली होती आणि तिला ती आवडली होती. नवरा म्हणाला, झोपू दे तिला. मी रुमाल ओला केला आणि तिचे ओठ पुसले, ती नको नको म्हणत होती तरी पुन्हा पुसले.