ताईच्या ट्रकची पडवी

माझी ताई आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवत आली आणि भावजी आयुष्यभर ट्रक चालवत आले. म्हणजे एक जण जागची हलली नाही आणि दुसऱ्याचा पाय घरात ठरला नाही. प्रत्येक खेपेवरून आले की भावजी समुद्राचं वर्णन करायचे. पाणी कसं नजर पोचेल तिथपर्यंत, लाटा कशा, वाळू कशी. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "पुढच्या खेपेला तुला नेतोच." पुढच्या खेपेला नेमक्या शाळा उघडायच्या, ताईच्या मशीनपाशी कापडाचा ढीग पडायचा आणि भावजी एकटेच जायचे. मी आधीच तोंडाची फटकळ. एकदा म्हटलंच, "भावजी, वर्णनं पुरे झाली. आता बाटलीभर तरी आणा तो समुद्र!"

अखेर भावजी निवृत्त झाले. मालकाकडचा जुना छोटा ट्रक त्यांनी घेतला आणि त्याच्या पाठीवर स्वतःच्या हातांनी लाकडी खोली बांधली. आत खाट, खिडकी, भांड्यांची फळी, सगळं झकास. आणि काय नशीब बघा, त्याच वर्षी ताईला त्वचेचा आजार झाला. जरा ऊन लागलं की अंगावर लालभडक चट्टे, आग आग, मग ताप. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, ऊन म्हणून अंगावर घ्यायचं नाही. तेव्हापासून ताई दिवसा घरात, पडदे लावून. सूर्य मावळला की बाहेर. भावजी म्हणाले, "मग रात्री बघू समुद्र!"

"रात्री काय बघायचं?" ताई म्हणाली. "रात्री तो नुसता ऐकू येणार. मला दिवसाढवळ्या बघायचाय. ते जमत नसेल तर राहू दे, आणि तो ट्रक काढून टाका. उगाच दारात उभा राहून मला चिडवतोय मेला."

ट्रक काढून टाका म्हटल्यावर भावजींच्या तोंडचं पाणी पळालं. पण गडी हरला नाही. एके दिवशी भरदुपारी पायात चप्पल नाही, श्वास लागलेला, असे धावत आले. "सापडलं! अगं सापडलं!" बाजारातल्या फळवाल्याने गाडीला कापड बांधून पुढे दोन काठ्या लावल्या होत्या, ते बघून हे हुरळले होते. "ट्रकला पडवी करायची! छपराच्या कडेपासून कापड बाहेर काढायचं, पुढे दोन खांब. खोलीचं दार उघडलं की पाऊल थेट सावलीत!"

मी नाक मुरडणार होते, पण ताईचे डोळे बघितले आणि ते राहूनच गेलं. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. ती लगेच उठली आणि मोजपट्टी घेऊन म्हणाली, "कापड मी निवडणार."

निवडलंही तिनेच. दुकानदार एकेक तागा उलगडायचा आणि ताई तो बल्बसमोर धरायची. कापडातून जराही उजेड दिसला की, "नको, पुढचा." दुकानदार घायकुतीला आला. शेवटी गडद हिरवा, जाडजूड कॅनव्हास मिळाला. घरी आणून अंथरला तर खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

छपराला ते कसं अडकवायचं यावर भावजींनी तीन चित्रं काढली, तिन्ही अगम्य. ताईने ती बाजूला सारली. "पायजम्याला नेफा असतो ना? तसा नेफा शिवते. नाडीच्या जागी पाइप घाला आणि पाइप कड्यांमध्ये अडकवा."

"ट्रकला पायजमा घालतेस?"

"तुमच्यापेक्षा नीट बसेल त्याला."

पुढचे काही दिवस आमच्या घरात नुसता धुमाकूळ. ताई मशीनवर, मी कापडाचं ओझं दोन्ही हातांनी उचलून धरलेलं आणि भावजी कापडाखाली रांगत, "आता ढकलू का? आता?" सुया तुटल्या, बोटं सोलली, पण हसून हसून पोटात दुखायला लागलं. फक्त एका गोष्टीवर नवरा-बायकोचं वाजलं. ताईने नेफ्याची बाजू सोडून उरलेल्या तिन्ही कडांना हातभर जादा कापड ठेवलं आणि ते आत दुमडून कच्च्या टाक्यांनी शिवून टाकलं. गणवेश शिवताना ती हेच करायची. फ्रॉकला, विजारीला, आत कापड दुमडलेलं, कच्चे टाके. पोर वाढलं की आईने दोरा ओढायचा, कपडा लांब. हाताला सवयच तशी.

"अगं, ट्रक आहे तो!" भावजी ओरडले. "त्याचं काय अजून वाढायचं वय आहे? उगाच कडेला गाठोडं!"

"असू दे," ताई म्हणाली.

रविवारी सकाळी पडवीची परीक्षा ठरली. वाटेत पाऊस लागला तर पाणी पुढे वाहून जातं का, ते बघायचं होतं. भावजींचा उत्साह उतू चाललेला. त्यांनी आदल्या दिवशीच खोलीत नवी गादी, शेगडी, पाण्याची भरलेली टाकी, जादाचं चाक, सगळं भरून ठेवलं होतं. शेजारीपाजारी जमले. ताई घरात, पडद्याच्या फटीतून बघत होती. पडवी लागली, काय दिमाखदार दिसत होती! मी स्टुलावर चढले आणि नळी सोडली.

आणि बोंबला! पाणी पुढे जायचं सोडून मागे ट्रककडे धावलं. छपराच्या कडेवरून उघड्या दारातून धो धो आत, थेट नव्या गादीवर.

"बंद कर! बंद कर!" भावजी नाचायला लागले. "उतार पुढेच होता गं, मी स्वतः मोजलाय!" मग एकदम थांबले, वाकून चाकांकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. मोजमाप घेतलं तेव्हा खोली रिकामी होती. आता माल चढला होता. चाकांवरचे लोखंडी पाटे दबले, ट्रक खाली बसला आणि छपराची कड पुढच्या खांबांपेक्षा खाली आली. रस्त्यावरचा ट्रक भरलेला की रिकामा, हे लांबून नुसतं बघून सांगणारा माणूस! मी बोललेच, "भावजी, अक्कल काय मालकाकडे ठेवून आलात?"

ते हसले नाहीत. पडद्याची फट मिटली होती. मी आत गेले तर ताई उरलेल्या कापडाची घडी घालत होती. "राहू दे गं," ती म्हणाली. "आहे तिथे बरा आहे समुद्र." इतकी नाचली होती ती गेले काही दिवस!

पण बाहेर करवतीचा आवाज सुरू झाला होता. भावजी खांब कापत होते. दोन्ही चांगले वीतभर कापले, पुन्हा उभे केले, पुन्हा नळी. पाणी पुढे गेलं! एक थेंब आत नाही! भावजी ओल्या अंगाने तसेच घरात घुसले, ताईच्या हातातली घडी काढून घेतली आणि म्हणाले, "चल, सामान बांध!" मग त्याच भरात मशीनवरची कात्री उचलली. "खांब बुटके झाले, आता ती गाठोडी लोंबतायत. कापूनच टाकतो."

"माझ्या कात्रीला हात लावायचा नाही," ताई म्हणाली. असं म्हणाली की भावजींनी कात्री जागच्या जागी ठेवली.

दोन दिवसांनी आम्ही पहाटे निघालो. ऊन वर यायच्या आत ताई मागच्या खोलीत गेली, पडदे बंद. मी तिच्यासोबत. पोचल्यावर बाहेरून भावजींची नुसती धडपड ऐकू येत होती, वाळूत खुंट्या ठरेनात म्हणून पिशव्यांत वाळू भरून त्यांना दोऱ्या बांधत होते. "दार उघडू नकोस हं! अजून नाही! थांब!" ताई खाटेवर बसून माझा हात दाबत होती, परीक्षेला बसल्यासारखी.

मग दार उघडलं. गार सावली, आणि सावलीच्या पलीकडे, बापरे! उन्हात लखलखणारं ते सगळंच्या सगळं पाणी.

ताई खाली उतरून सावलीच्या कडेपर्यंत गेली. मग म्हणाली, "एवढा? तुम्ही सांगताना लहानच सांगितलात की हो!"

ती खुर्चीत बसली ती बसलीच. जेवण तिथेच, चहा तिथेच. कुठे होडी दिसली की मला कोपराने ढोसायची, "बघ, बघ!" भावजी तर असे मिरवत होते की समुद्र त्यांनीच खणलाय.

दुपार कलली तशी माझ्या लक्षात आलं. डावीकडून ऊन तिरकं आत येत होतं. वाळूवरची उन्हाची कड सरकत सरकत ताईच्या खुर्चीच्या पायाशी आली. भावजींनीही बघितलं. ते चादर घेऊन धावले आणि कडेला हात पसरून उभे राहिले, शेतातल्या बुजगावण्यासारखे. वाऱ्याने चादर डोक्यावर गुंडाळली गेली. ऊन ताईच्या पावलाला टेकलं.

"चल गं, आत चल," ते काकुळतीला आले. "बघितलास ना? पुरे झालं."

"पुरे कुठे झालं?" ताईने पाय वर घेतले. "माझं बघून व्हायचंय अजून. अहो, चादर सोडा. त्या डाव्या कडेला दोरा सापडतोय का बघा. टोकाला गाठ आहे."

भावजींनी चाचपडून गाठ शोधली आणि ओढली. सर्रकन सगळा दोरा हातात आला आणि हातभर हिरवं कापड झपकन खाली सुटलं. उन्हाची कड ताईच्या खुर्चीपासून लांब गेली. समोरचा समुद्र होता तसाच मोकळा.

भावजी तो दोरा हातात धरून उभेच. डोळे भरलेले.

"वाढला की नाही तुमचा ट्रक?" ताई म्हणाली.

सूर्य डावीकडच्या डोंगराआड गेला, पार अंधार पडला, तोवर ती उठली नाही. दिसेनासं झालं तेव्हा पदर झटकून उभी राहिली. "चला आता आत," म्हणाली. "आता नुसता ऐकू येतोय."