डब्यातले तीन लायटर

मी लायटर मागितला तेव्हा टपरीवाल्याने आधी सिगारेटचं पाकीट काढलं. श्रीरामपुरात पन्नाशीची बाई टपरीसमोर उभी राहून "चाकाचा दाखवा, कळ दाबायचा नको" म्हणते, हे त्याच्या पचनीच पडेना. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टी मिळाली की अकोले तालुक्याच्या डोंगरात भटकते, कधी मैत्रिणींबरोबर, कधी एकटी. पाठपिशवीत अडीअडचणीचा एक घट्ट झाकणाचा डबा असतो. शिट्टी, दोरी, मलमपट्टी, साखर आणि विस्तव पेटवायचं सामान. बाकीच्या वस्तू मी मिळतील तशा घेतल्या होत्या, पण लायटरच्या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नव्हते.

तो आणि इतर दुकानांतून जमवलेले, अशा सगळ्या लायटरांची मी घरी रीतसर परीक्षा घेतली. बादलीत बुडवले, टेबलफॅनसमोर धरले, फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी झोपवले. निकाल पाहून मी चाटच पडले. सगळ्यात महागडा, निळ्या ज्योतीचा, जाहिरातीत वादळातही पेटणारा, तो फ्रीजरमधून बाहेर आला आणि नुसता फुसफुसला. पेट्रोलवर चालणारा देखणा धातूचा लायटर कपाटात पडल्या पडल्याच कोरडा झाला होता. टपरीवरचा पारदर्शक, चाकाचा लायटर मात्र बादलीतून काढला, फुंकला, मांडीवर चाक घासलं आणि पेटला. गार पडला तर काखेत धरायचा, की गॅस परत जोर धरतो. पारदर्शक असल्यामुळे आत गॅस किती उरलाय तेही दिसतं. मी तो पहिल्या नंबरला ठेवला. जोडीला मोबाईलसारखा चार्ज होणारा, ठिणगीचा लायटर घेतला आणि तिसरा तो निळ्या ज्योतीचा, पैसे दिले होते म्हणून. तिन्ही डब्यात घातले, शेजारी कापराची पुडी ठेवली, कारण ओल्या लाकडाला कापरासारखा आधार नाही. झाकण लावलं आणि जाहीर केलं की आता हा डबा डोंगरावरच उघडेल. उगाच उघडझाक केली की आत दमट हवा शिरते.

हे जाहीर केलं ते आमच्या ह्यांना उद्देशून. त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दिसेल ती वस्तू खोलून बघायची त्यांना खोड. माझ्या परीक्षा चालल्या होत्या तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, "एवढी तपासणी तर लग्नात माझीबी केली न्हाई कुणी." मी म्हटलं, "म्हणूनच आता डब्याला हात लावायचा नाही." ते हसले आणि दुकानात गेले.

दसरा झाल्यावर ते अचानक म्हणाले, ह्या वेळी मी येतो तुझ्यासंगं. मला नवलच वाटलं. डोंगर म्हणजे बिनकामाचे दगड, असं म्हणणारा हा माणूस. त्यात नवरात्राचे उपवास नुकतेच सुटलेले. मुळातच काडी, त्यात भगरीवर दिवस काढलेले. मी नको म्हटलं, पण ते हट्टाला पेटले आणि आम्ही दोघंच निघालो.

चढताना ऊन होतं. पठारावर पोचलो आणि परतीच्या पावसाने जे गाठलं, त्याला पाऊस म्हणावं की काय म्हणावं. वारा आडवा, थेंब टोचणारे, समोरची वाट दिसेना. माघारी वळलो तर सकाळी उड्या मारत ओलांडलेला ओढा तांबडा होऊन वाहत होता. ह्यांचा पाय घसरला आणि ते छातीपर्यंत पाण्यात गेले. मी हात धरून ओढलं. बाहेर आले, हसले, म्हणाले, "काय न्हाई झालं, चल." पण पाठीवरची त्यांची पिशवी गळत होती आणि आत बदलायचे म्हणून घेतलेले सगळे कपडे चिंब होते.

थोडं पुढे गुराख्यांचं एक कुडाचं खोपट सापडलं. आत कुणी नव्हतं, पण कोपऱ्यात गोवऱ्या आणि काटक्या रचलेल्या होत्या, कोरड्या ठणठणीत, आणि तीन दगडांची चूल. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने म्हटलं, "जिंकलो!" त्यांचे ओले कपडे काढले, प्लास्टिकात बांधून आणलेला माझा कोरडा स्वेटर घातला, शाल गुंडाळली. पातेलीत पाणी घेतलं. गरम साखरपाणी पोटात गेलं की झालं.

आणि मी डबा उघडला.

पहिल्यांदा मला कळलंच नाही की मी काय बघतेय. तिन्ही लायटर लाल-पिवळे झाले होते. प्रत्येकाला हळद, प्रत्येकाला कुंकू, प्रत्येकाच्या गळ्यात लाल दोरा. एकावर अक्षतेचा तांदूळ चिकटलेला, आणि झेंडूची एक कुजकी पाकळी डब्याच्या तळाशी. कापराची पुडी चपटी झाली होती. आत दोन वड्या.

"हे कुणी केलं?" मी ओरडले. खोपटात आम्ही दोघंच होतो, तरी विचारलं.

"मी," ते म्हणाले. दात वाजत होते. "खंडेनवमीला. दुकानात सगळ्या हत्यारांची पूजा केली. तुझीच तेवढी बिनपूजेची ठेवायची व्हय?"

"आणि कापूर?"

"आरतीला."

हा माणूस आयुष्यभर पाने-पकडी पुसत आला. मोटारीत धुळीचा कण गेला तर गिऱ्हाइकाला झापणारा. आणि त्याने नेमकं लायटरच्या तोंडावर, जिथून ज्योत निघते तिथेच, ओलं हळद-कुंकू थापलं होतं, वर पळीने पाणी शिंपडलं होतं आणि झाकण घट्ट लावून टाकलं होतं. मी बादली, पंखा, फ्रीजर सगळं करून बघितलं. हळद-कुंकू माझ्या डोक्यात आलंच नाही.

निळ्या ज्योतीवाल्याचं भोक लिंपून गेलं होतं. चार्जवाल्याने एकदा लाल डोळा उघडला आणि मिटला, तो मिटलाच. माझ्या पहिल्या नंबरच्या लायटरचं चाक फिरेना. दातांत हळदीचा लगदा वाळून घट्ट बसला होता.

"काडेपेटी आणली होती ना तुम्ही?" मी विचारलं. त्यांनी काढलेल्या पँटकडे हात दाखवला. खिशातून नुसता लगदा निघाला.

"कशाला हो केलंत हे?" मला रडू आलं, रागाचं. "एक गोष्ट सांगितली होती, हात लावू नका."

त्यांनी मान खाली घातली. "तू एकटी जाती डोंगरात. फोन लागत न्हाई. दुकानात माझा जीव लागत न्हाई त्या दिवशी. तुला न्हाई म्हणवत न्हाई. मग मी काय करू?"

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटायचं, मी नसले की ह्यांना बरंच, रेडिओ लावून निवांत बसत असतील. मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात लक्षात आलं की त्यांचे दात वाजायचे थांबले आहेत.

क्षणभर मला बरंच वाटलं. मग आठवलं. वर्गात मीच शिकवते की थरथर हा शरीराचा ऊब निर्माण करण्याचा प्रयत्न असतो. अंगात ऊब आलेली नसताना थरथर थांबली, तर शरीराने हात टेकले. मी हाक मारली. "पाच एचपीच्या मोटारीला वायर कोणती लागते हो?" झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा माणूस. ते माझ्याकडे बघत राहिले आणि जड जिभेने म्हणाले, "द्या... त्याला देऊन टाका." कुणाला, काय, काही नाही. इतक्या लवकर माणूस असा हातातून सुटतो? मघाशी तर भांडत होता.

मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि चाकाचे दात कोरायला घेतले. पिन बोटात घुसली. कोरायचं, फुंकायचं, शालीचं कोरडं टोक धरून घासायचं. त्यांना अंगाशी टेकवून बसले होते आणि बोला, बोला म्हणत होते. ते बोलत नव्हते. चाक अडखळत फिरलं. ठिणगी नाही. पुन्हा कोरलं. ठिणगी पडली, पण ज्योत नाही. गॅसच्या भोकावरही कुंकवाची खपली होती, ती टोकाने उचलली. लायटर काखेत दाबून धरला आणि देवाचं नाव घेतलं की शिव्या घातल्या, ते मला खरंच आठवत नाही.

मग तो पेटला. इवलीशी ज्योत, पण पेटला. कापराची वडी, काटक्या, गोवरीचा तुकडा. धूर डोळ्यांत गेला, खोपट भरून गेलं, आणि चूल धडधडू लागली. कोमट झालं तसं साखरपाणी मी चमच्याने त्यांच्या ओठांना लावत राहिले. पहिला घोट बाहेर आला, पुढचा आत गेला. बऱ्याच वेळाने त्यांचं अंग पुन्हा थडथडायला लागलं. नवऱ्याला कुडकुडताना बघून कुणाला आनंद होतो? मला झाला.

पातेली रिकामी होत आली तेव्हा त्यांनी मान उचलली. चुलीकडे बघितलं, माझ्या हातातल्या पिवळ्या-तांबड्या लायटरकडे बघितलं, आणि दुकानात गिऱ्हाइकाला समजावतात तशा ठणठणीत आवाजात म्हणाले, "बघ, पूजा केलती म्हणून पेटला. न्हाईतर टपरीवरचा माल तो, त्याचा काय भरवसा?"

बोटातून रक्त येत होतं, नखांत हळद होती, आणि हा माणूस मला हे सांगत होता. तोंडाशी चांगली दहा उत्तरं आली, विज्ञानाची आणि बिनविज्ञानाचीही. पण त्यांचा एकेक शब्द स्पष्ट होता. जीभ अडखळत नव्हती.

"अजून बोला," मी म्हटलं.