खुर्चीत बसायची तालीम

माझ्या तरुणपणाचं विचाराल तर मला आधी थकवा आठवतो. महायुद्ध ऐन भरात होतं. मी मॅट्रिक होऊन भिंगारला छावणीच्या रसद गोदामात कारकून लागलो होतो आणि फौजेत अधिकारी व्हायचं खूळ डोक्यात घेतलं होतं. उजाडायच्या आत पाथर्डी रस्त्याने डोंगराच्या पायथ्यापर्यंत पळायचं. नगरच्या किल्ल्याच्या बाजूने पळायची सोय नव्हती. आत देशाचे मोठे पुढारी कैदेत होते आणि पहारेकरी पळणाऱ्या माणसाकडे बऱ्या नजरेने बघत नसत. पळून आलं की गोदाम, गोदामातून सुटलं की इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, कारण निवड मंडळापुढे सगळं इंग्रजीत चालतं असं ऐकलं होतं. लोक आपल्या आठवणींत लिहितात की ध्येयापुढे शीण जाणवलाच नाही. मला जाणवला. पोटऱ्या रोज ठणकायच्या. शेजारचे पिंजारीचाचा दारात दात घासत बसलेले असायचे आणि "आलं का लाटसाहेब पळून?" म्हणून हसायचे. त्यांना उलट उत्तर द्यायलाही माझ्यात दम उरलेला नसायचा.

हे खूळ खरं तर अब्बांचं. ते छावणीतल्या ऑफिसर मेसमध्ये बेअरा होते. पांढरा कोट, कमरेला पट्टा, खळ देऊन कडक केलेला फेटा. साहेब लोक जेवायला बसले की त्यांच्या खुर्चीमागे उभं राहायचं, जेवण डावीकडून वाढायचं, पाणी उजवीकडून ओतायचं. युद्धामुळे त्या टेबलावर आपल्याकडची पोरंही अधिकारी म्हणून बसायला लागली होती. एकदा दुपारी अब्बा घरी आले, फेटा खुंटीला लावला आणि म्हणाले, "आज एक मराठी बोलनारं पोरगं बसलं हुतं टेबलाला. तुझ्याच वयाचं. मी वाढलं त्याला." मग म्हणाले, "तू का न्हाई?"

माझी गोदामातली नोकरी लढाईपुरती होती. लढाई संपली की मेसमध्ये अब्बांच्या जागी मी उभा राहणार, हे घरात कुणी न बोलता ठरलेलं होतं. मला ते नको होतं. मला त्या टेबलाशी खुर्चीत बसायचं होतं, आणि अब्बांना मला तिथं बसलेलं बघायचं होतं. एवढ्यासाठीच ती पळापळ.

खाण्याची तालीम अब्बांनी स्वतःकडे घेतली. आमच्या घरात जेवण म्हणजे जमिनीवर दस्तरख्वान अंथरायचा, मधे कलई केलेला मोठा थाळा आणि त्याभोवती आम्ही तिघं, एकाच थाळ्यात हात घालून. जुम्म्याला मटण असलं तर अब्बा बोलता बोलता चांगली फोड बोटाने माझ्या बाजूला सरकवायचे. काटा-चमचा आमच्या सात पिढ्यांत कुणी तोंडाला लावला नव्हता. पण अब्बांनी छावणीच्या लिलावातून एक मोडकी खुर्ची आणली, गोदामातलं रिकामं खोकं तिच्यापुढे ठेवलं आणि मला बसवलं. ज्वारीची भाकरी काट्याने खायचा प्रयत्न ज्याने केला नसेल त्याला माझे हाल कळायचे नाहीत. अम्मा चुलीपाशी पदर तोंडात कोंबून हसायची. "काटा डाव्या हातात. कोपरं आत. अन् आवाज न्हाई आला पायजे," अब्बा मागून बजावत राहायचे. ते कायम मागूनच बोलायचे, कारण साहेबांचं जेवण त्यांनी आयुष्यभर मागूनच पाहिलं होतं.

मंडळाचं बोलावणं आलं. उत्तरेकडच्या एका छावणीत, छातीवर नंबराचा कपडा बांधून आम्हा पोरांना काही दिवस ठेवलं होतं. चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावायचे, खंदक ओलांडायला दोर आणि फळ्या द्यायचे, आणि साहेब लोक वही घेऊन लांब उभे राहायचे. जेवणही त्यांच्याच नजरेखाली. पहिल्याच रात्री टेबलावर माझा काटा-चमचा बिनचूक चालला. कोपरं आत, आवाज नाही. मी मनातल्या मनात अब्बांना दाद देत होतो. तेवढ्यात समोरच्या मुलाचा ग्लास रिकामा झालेला मला दिसला. बेअरा लांब होता. मी उठलो, पाण्याचा जग उचलला, वळसा घालून त्याच्या उजवीकडे गेलो आणि पाणी ओतलं. मग त्याच्या शेजाऱ्याला ओतलं. एक थेंब सांडू दिला नाही. तिसऱ्या ग्लासापाशी माझ्या लक्षात आलं की टेबल गप्प झालंय.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर माझं सगळं बिनसलं. खंदकापाशी गेलो तर फळी मीच धरून उभा आणि बाकीचे तिच्यावरून पलीकडे जातायत. कुणी काही सांगायची वाट बघायची, सांगितलं की धावायचं. शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे नंबर पुकारले, त्यात माझा नव्हता. कारण कुणी सांगत नसत. त्या पाण्याच्या जगामुळेच माझं गेलं असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण परतीच्या आगगाडीत मला दुसरं काही आठवतही नव्हतं. मनमाडला गाडी बदलून मी नगरला उतरलो तेव्हा भिंगारपर्यंत चालायचं त्राण पायांत नव्हतं. तरी चाललो.

अब्बांना सगळं सांगितलं. पाणी कुठल्या बाजूने ओतलंस, एवढंच त्यांनी विचारलं. उजवीकडून, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मेसच्या पाळीला निघून गेले. आता हे खूळ सुटलं, असं वाटून, खोटं कशाला सांगू, मला थोडं हायसंच वाटलं. निदान झोपायला तरी मिळेल.

पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी खुर्ची आणि खोकं पुन्हा मांडलेलं. अब्बा मेसचा पांढरा कोट घालून, फेटा बांधून मागे उभे. "बस," म्हणाले. "मी वाढनार. तू उठायचं न्हाई, हात लावायचा न्हाई, मागं बघायचं न्हाई. पानी पायजे झालं तर ग्लास नुसता बाजूला सरकवायचा."

"अब्बा, हे मला जमायचं नाही."

"म्हनून तर करायचं. खायला शिकवलं मी तुला, बसायला शिकवायचं ऱ्हाऊन गेलं. माजी चूक झाली."

पुढच्या बोलावण्यापर्यंत महिनोन् महिने हे चाललं. मेसमधली पाळी करून दमलेला माणूस घरी येऊन कोट न उतरवता माझ्या मागे उभा राहायचा. मी मागे वळलो की अब्बा म्हणायचे, "पुन्ना." मी त्यांना "तुम्ही पण घ्या" म्हटलं, किंवा थाळी पुढे करायला हात उचलला, की पुन्हा "पुन्ना." अम्मा पहिल्या दिवशी बघत राहिली, मग भाकऱ्या झाकून अंगणात जाऊन बसायला लागली. ती आता हसत नव्हती. सकाळचं पळणं, गोदाम आणि वर हे. या सगळ्यात मला ते जेवणच सगळ्यात जड जायचं. मला अब्बांचा राग यायचा. आणि हळूहळू, कसं ते कळलंही नाही, ते अंगवळणी पडलं. मागे अब्बा उभे आहेत हे मी विसरून जेवू लागलो.

दुसऱ्या वेळी मंडळापुढे गेलो तेव्हा जेवणात एक म्हातारा बेअरा होता. वाढताना त्याच्या हातातलं भांडं कललं आणि रश्श्याचा शिंतोडा माझ्या बाहीवर पडला. मी मान वळवली नाही. शेजाऱ्याशी हॉकीबद्दल बोलत होतो, ते बोलणंही तोडलं नाही. त्या म्हाताऱ्याला दाढी होती की नव्हती, हे मला आजही सांगता येणार नाही. खंदकापाशी मी फळी धरली नाही, कुणी धरायची ते सांगितलं. या वेळी नंबर पुकारले त्यात माझा होता. आनंद झाला का? झाला असणार. मला आठवतं ते एवढंच, की बराकीत जाऊन मी बुटांसकट खाटेवर पडलो आणि तसाच झोपलो.

पुढची अधिकारी घडवायची फौजी शाळा म्हणजे नुसती रगडपट्टी होती. तिच्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. ते संपवून, खांद्यावर नवा बिल्ला लावून मी रजेवर भिंगारला आलो. पिंजारीचाचा दारातून उठून उभे राहिले, थट्टा केली नाही. खुर्ची आणि खोकं कुणाला तरी देऊन टाकलं होतं. अम्माने दस्तरख्वान अंथरला, थाळा मधे ठेवला, आम्ही तिघं पूर्वीसारखे बसलो. मटण होतं. अब्बांनी एक फोड माझ्या बाजूला सरकवली. मला इतकं बरं वाटलं की मी बोलतच सुटलो; शाळेतले साहेब, घोडे, मित्र, काय काय. अब्बा मान डोलवत ऐकत होते.

बोलता बोलता तहान लागली. मी पाणी प्यालो आणि परत बोलायला लागलो. थोड्या वेळाने पाहिलं तर अम्मा जेवायची थांबली होती. थाळ्याजवळ तिचा हात तसाच होता आणि ती माझ्या मागे बघत होती. मी कधीतरी रिकामा ग्लास न बघता बाजूला सरकवला होता. अब्बा थाळ्यावरून उठले होते. पाण्याचा जग हातात घेऊन ते माझ्या उजव्या खांद्यामागे उभे होते.

मी धडपडून उठायला लागलो. त्यांनी डाव्या हाताने मला खांद्याला दाबून खाली बसवलं.

"बस," म्हणाले. "आता जमलं तुला."

त्यांच्या आवाजात खरोखरीचं समाधान होतं. ते परत येऊन थाळ्यापाशी बसले आणि जेवायला लागले. मला मात्र त्या दिवशी पुढचा घास घेता आला नाही.