सहाव्या कप्प्यातली काजळी

गोरक्षने सव्वीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात हत्यारं साफ केली. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून तो नाशकातल्या एका बंदुकांच्या दुकानात दुरुस्तीला बसू लागला. "तुमच्या अंगात रॉकेल मुरलंय," बायको कलाबाई कुरकुरायची. त्याला मात्र त्याचं भूषण वाटे. कोणत्या हत्याराला काय लावायचं, ते तो नजर टाकताच सांगे. चिकट ग्रीसला रॉकेल पुरतं. दारूची राख लोखंडात बसली असेल तर बाटलीतलं अमोनियाचं तेज औषध हवं. पण निकेलचा मुलामा असला की ते औषध जवळही आणायचं नाही, मुलामा उडतो.

२००४ च्या निवडणुकीआधी परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची होती. त्या गर्दीत एका दुपारी चांदवडचा कांदाव्यापारी शेखर आला. निकेलची रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवत म्हणाला, "काका, वडलांची हाय. ते गेल्यापासून आठ वर्षं कपाटात पडून. एक गोळी सुटली नाय. तेज औषध लावा, वास राहता कामा नये."

गोरक्षने चष्मा चढवला. गोळ्यांच्या फिरकीचे पाच कप्पे धुळीने आणि सुकल्या तेलाने माखलेले, सहावा काळाकुट्ट. रॉकेलात बुडवलेली चिंधी आत फिरवली मात्र, काजळी अलगद निघून आली. आठ वर्षांची काजळी दगडासारखी बसते, तासभर भिजवली तरी घासावी लागते. ही तर कालपरवाची होती.

"ही नुकतीच उडालीय," त्याच्या तोंडून निघून गेलं.

शेखर चिडला नाही. आवाज खाली आणत म्हणाला, "तुमची लेक तेजस्विनी प्रेसच्या कॉलनीत दिलीय ना, नाशिक रोडला? सकाळी नऊच्या रिक्षाने कामाला जाती. पुसा काका, सावकाश पुसा."

गोरक्षने पुसली. शेखर गेल्यावर मात्र काळी चिंधी त्याने कचऱ्यात टाकली नाही. पाकिटात घालून वर तारीख लिहिली.

तिसऱ्या दिवशी शेखरचा भागीदार सोमा एका पडीक विहिरीत सापडला. छातीत गोळी होती. त्याच रात्री गोरक्षने कलाबाईला सगळं सांगितलं.

"आधी लेकीला इकडं आणा," ती म्हणाली, "मग ठाण्यात जा."

त्याने तसंच केलं. चिंधीचं पाकीटही ठाण्यात दिलं.

खटला तीन वर्षं चालला. शेखरच्या वकिलाने भर कोर्टात विचारलं, "पुरावा पुसला कोणी?"

"मीच," गोरक्ष म्हणाला. सोमाची बायको समोर बसली होती. त्याला तिच्याकडे बघवेना.

शेखरला जन्मठेप झाली, पण अपील करून तो जामिनावर सुटला. गोरक्षने दुकान सोडलं. गेल्या आठवड्यात एक अनोळखी माणूस फाटकाशी मोटरसायकल थांबवून कलाबाईला विचारून गेला, "गोरक्षकाका इथंच राहतात ना?" नाव विचारलं, तर गाडी सुरू करून निघून गेला.