एका शब्दाचा उच्चार

वटवाघळांचा उग्र वास आला की मला वेरूळच्या लेण्यांत झालेली गाईडची तोंडी परीक्षा आठवते. माझ्याबरोबर दौलताबादचा एक मित्र परीक्षेला होता. सरावाच्या वेळी तो मूर्तीपुढं उभा राहून बोलायला लागला की वाटंनं जाणारे प्रवासीही थांबून ऐकत, आणि मी आतल्या आत जळत राही. परीक्षेच्या सकाळी आम्ही पायऱ्यांवर बसून कलेचे इंग्रजी शब्द घोकत होतो. लेण्याच्या दर्शनी भागाला म्हणतात तो ‘फसाड’ हा शब्द त्यानं स्पेलिंगप्रमाणं ‘फॅकेड’ असा वाचला. “बरोबर हाय ना?” त्यानं विचारलं. मला खरा उच्चार ठाऊक होता. “व्हय, बरोबर हाय,” मी म्हणालो. आधी त्याचा नंबर लागला. आत त्यानं तो शब्द तीनदा उच्चारला, ते मला बाहेर ऐकू येत होतं. परीक्षक हसले, तसा तो गडबडला आणि पुढं त्याला धड बोलताच येईना. तो बाहेर आला आणि घाईनं मला म्हणाला, “यार, आपलं दोघांचंबी चुकलं. फसाड म्हणायचं असतं. तू तरी ध्यानात ठेव.” मी पास झालो, तो नापास झाला. त्याला खरं काय ते मी कधीच सांगितलं नाही. अजूनही गुलमंडीच्या बाजारात भेटला की तो गळ्यात पडतो, आणि मला अजूनही त्याचा हेवाच वाटतो.