उल्काकाकूंचे मार्क

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळात गाण्याची स्पर्धा असली की पालकांना धडकी भरायची, कारण परीक्षक उल्काकाकू. दहापैकी आठ मार्क त्यांच्याकडून आजवर कुणाला मिळाले नव्हते. सख्ख्या लेकीला, राधिकालाही सातावर समाधान मानावं लागलं. "बेसूर तो बेसूर, मग गाणारा कुणीही असो," हा त्यांचा खाक्या.

शेजारची आयगुल किर्गिझस्तानची. तुर्की कुळातल्या भाषा बोलणाऱ्या देशांची गाण्याची स्पर्धा टीव्हीवर लागली, तेव्हा ती काकूंकडेच बघायला आली. काकूंनी पोहे केले, सोफ्यावर मांडी ठोकली आणि कुणी विचारलं नसताना एकेका देशाला मार्क द्यायला सुरुवात केली.

मग आयगुलच्या देशाची मुलगी गायली.

"पाच," काकू म्हणाल्या. "शेवटी वरचा सूर निसटला."

आयगुल उसळलीच. "काकू, आमच्या गावात मुलगी सासरी निघाली की आई हे गाते. तेव्हा कुणाचा सूर लागतो हो?"

राधिकाच्या लग्नात काकू मोठ्या हौसेनं मंगलाष्टकं म्हणायला उभ्या राहिल्या होत्या, आणि दुसऱ्याच ओळीला त्यांचा गळा दाटून आला होता. पुढची मंगलाष्टकं भटजींनीच पुरी केली.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

गाणं पुन्हा त्या जागी आलं. सूर पुन्हा तिथेच निसटला. काकूंनी चष्मा काढून पुसला.

"आठ," त्या खेकसल्या. "आणि राधिकाला सांगू नकोस!"