डॉक टॅकेटची साक्ष

व्हर्जिल टॅकेट आमच्या गावचे जनावरांचे डॉक्टर. गाय अडली की सगळे त्यांच्याकडेच धावायचे. त्यांच्या शब्दाला वजन होतं. म्हणूनच आमदार लाइल हॉबर्ट त्यांच्या मागे लागला. देहदंडाच्या कायद्यात दुरुस्ती यायची होती: कुत्र्यांना कायमचं झोपवायचं औषध आता कैद्यांना द्यायचं.

"डॉक, समितीसमोर दोन वाक्यं बोल. माझ्यासारख्या पुढाऱ्याचं कोण ऐकतंय?"

राजधानीत समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "त्रास होतो का?"

"नाही हो. जनावर मांडीवर डोकं ठेवतं नि झोपी जातं."

दुरुस्ती मंजूर झाली. लाइलने त्यांना डुकराच्या भाजलेल्या बरगड्या पोटभर खाऊ घातल्या.

नव्या पद्धतीने पहिला गेला तो आमच्याच गावच्या व्हर्ना प्रुइटचा मुलगा डेल. दरोड्यात त्याने दुकानदाराला मारलं होतं. डॉक्टर लोक असल्या कामाला हात लावत नाहीत, म्हणून तुरुंगातल्या शिपायांनीच सुई टोचली. शीर सापडेना. हात झाले, पाय झाले, शेवटी मान. डेल कण्हत राहिला, आणि काचेपलीकडे त्याची आई बसलेली.

वर्तमानपत्रात हे वाचून डॉकनी चर्चला जाणं सोडलं. बायको म्हणाली, "तुम्ही थोडीच सुई टोचली?"

वसंतात व्हर्ना स्वतःच दवाखान्यात आली, मरायला टेकलेली म्हातारी कुत्री उचलून. डॉकना पहिल्याच खेपेला शीर मिळाली. कुत्रीने व्हर्नाच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि संपलं.

व्हर्ना बराच वेळ तिला कुरवाळत राहिली. "म्हणजे तू खोटं नव्हतास बोलला. मग माझ्या पोराचं असं का झालं रे?"

"सुई कुणाच्या हातात असणार, ते मी बोललोच नाही, व्हर्ना. मला ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही."

व्हर्ना उठली. कुत्रीला चादरीत गुंडाळून निघून गेली.

डॉक पुन्हा राजधानीत गेले आणि हेच समितीला सांगितलं. लाइल दाराशी फणकारला, "आता शहाणपण सुचलं होय! तोंडघशी पाडलंस मला." समितीने आभार मानले, कायद्यातला एक शब्दही बदलला नाही. डॉक आता पुढच्या सुनावणीसाठी नाव नोंदवून आलेत. व्हर्ना रस्त्यात भेटली तर ते टोपी काढतात. ती कधी मान हलवते, कधी नाही.